चिठ्ठी परत टाकायची नाही

डबा बोलतोय. पत्र्याचा, गोल, चपटा, पंजाएवढा रुंद. माझं झाकण तिरकं लागलं आहे. त्या फटीतून जेवढा आवाज येईल तेवढा ऐका. ते तिरकं का लागलं, ते शेवटी सांगतो.

मी जन्माने जर्मन. पूर्वेकडच्या एका फिल्मच्या कारखान्यात एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर साली मला ठोकून काढलं. पोटात शंभर फूट कृष्णधवल फिल्म, काळ्या कागदात गुंडाळलेली. बांधणीच्या टेबलावरच्या बायका दिवसभर बोलायच्या. भाषा त्यांच्याकडून शिकलो. वाचायला कोणी शिकवलं नाही. माझ्या अंगावर काय छापलं होतं, तेही मला आजवर कळलेलं नाही. त्याची मला लाज नाही. वाचता येणारे पुष्कळ पाहिले.

जहाजाने मुंबईला आलो. तिथून हिंगोलीला, नामदेव खिल्लारेच्या नालंदा फोटो स्टुडिओत. मी त्याला अरे-तुरे करतो. आम्ही तीस वर्षं एका अंधाऱ्या खोलीत काढली, तेवढा हक्क आहे.

नामदेव चौथी शिकलेला. अंधारात माझं झाकण काढायचा आणि हात पसरून फिल्म मोजायचा. एक वाव म्हणजे छत्तीस फोटो. कधी चुकला नाही. तीन महिन्यांत माझ्यातली फिल्म संपली. रिकामे डबे शेजारच्या बायका मोहरी-जिऱ्याला मागून न्यायच्या. मला त्याने दिलं नाही. माझ्यात चिठ्ठ्या ठेवल्या.

त्याच्याकडे फोटोग्राफी शिकायला पोरं यायची. पहिला महिना तो कॅमेऱ्याला हात लावू देत नसे. फरशी पुसा, ट्रे धुवा, गिऱ्हाइकाला पाणी द्या. महिना झाला की मला पुढे करायचा. एक चिठ्ठी उचलायची. सहा फोटो निघतील एवढी फिल्म मिळायची. चिठ्ठीत जे लिहिलं असेल ते सहा फोटोंत आणायचं.

चिठ्ठ्या त्याच्या हातच्या. लिहिताना तो प्रत्येक शब्द तोंडाने बोलायचा. त्याला तसंच लिहिता येई. म्हणून माझ्या पोटात काय आहे, ते मला वाचल्यावाचून ठाऊक असायचं.

'ज्या दारातून तुला आत घेतलं नाही, त्या दाराचा फोटो.'

'घरात सगळ्यांत शेवटी जेवतं त्याचं ताट.'

'ज्याच्याशी बोलणं टाकलंस, त्याची पाठ.'

'पाहुणे आले की घरातलं जे आत ठेवता, ते.'

नियम दोन. हाताला आलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. आणि फोटो दाखवताना तोंड उघडायचं नाही. सांगावं लागलं तर फोटो फसला.

ती पाहुण्यांची चिठ्ठी एकदा मीनल नावाच्या मुलीला आली. स्टुडिओत शिकायला आलेली ती एकटीच मुलगी. तिने आपल्या आत्याचा फोटो आणला. आत्या वेडी होती. पाहुणे आले की तिला धान्याच्या खोलीत बसवायचे. फोटोत आत्या पोत्यावर बसून दाराच्या फटीतून येणाऱ्या उजेडाकडे बघत होती. मीनल फोटो देऊन रडायला लागली. नामदेवने प्रिंट उजेडाकडे धरली. मग म्हणाला, "डोळे पूस. प्रिंट अजून दहा मिनिटं धू."

एवढंच. पण तो फोटो त्याने काउंटरच्या काचेखाली ठेवला, आणि तिथे तो मंत्र्यांचेही फोटो ठेवत नसे.

नामदेवचा मुलगा यशपाल. हुशार निघाला. इंजिनिअर झाला, जर्मनीत ड्रेस्डेनला गेला, चिप बनवणाऱ्या कंपनीत लागला. तो निघाला तेव्हा नामदेवने त्याला एक तसबीर दिली. बाबासाहेबांची. एका लहानशा, फाटक्या प्रिंटवरून त्याने ती स्वतः मोठी केली होती. चार रात्री लागल्या. डोळ्यांतला ठिपका नीट येईना म्हणून अकरा कागद वाया घालवले. बारावा यशपालला दिला.

पुढे लोक मोबाइलवर फोटो काढू लागले. दोन हजार अकरात नामदेवने स्टुडिओचं शटर ओढलं. दोन वर्षांनी बायको गेली. त्याच्या पुढच्या सप्टेंबरात यशपालने त्याला बोलावून घेतलं, नव्वद दिवसांच्या व्हिसावर. पिशवीत कपडे, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मी.

"मामा, हा डबा कशाला आणलात?" सुनेने, अरुणाने विचारलं.

"सवय आहे," तो म्हणाला.

असा मी छत्तीस वर्षांनी माझ्या मुलखात परत आलो. माझ्यासाठी कोणी थांबलं नव्हतं.

घर तिसऱ्या मजल्यावर. बैठकीच्या खोलीत पांढरी भिंत, त्यावर तसबीर, खाली फळी. त्या फळीवर माझी जागा. नात धम्मदीपा पंधरा वर्षांची. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये. नामदेव विचारायचा, "जेवलीस का?" ती म्हणायची, "जा, जा." तो पहिल्या दिवशी चमकला. आपल्याला हाकलतेय की काय! अरुणाने सांगितलं, "अहो मामा, जा म्हणजे हो." तेव्हापासून तो स्वतःच म्हणायचा, "जा म्हण आणि ये जेवायला." पोरगी हसायची. तेवढंच त्यांचं बोलणं.

ट्रामने तीन थांब्यांवर वस्तीचं सभागृह होतं. तिथे दर शनिवारी सकाळी फोटोग्राफीचा वर्ग भरायचा. जुन्या पद्धतीचा, फिल्मवरचा. नामदेव फिरता फिरता तिथे पोहोचला आणि खिडकीतून बघत उभा राहिला. आत दोरीला प्रिंट वाळत होत्या. त्याला तो वास आला असणार. मलाही पिशवीत आला.

शिकवणाऱ्या बाईंचं नाव फ्राऊ हेम्पेल. साठीच्या. त्यांनी दार उघडून त्याला आत घेतलं. भाषा नाही, काही नाही. नामदेवने मला पिशवीतून काढून टेबलावर ठेवलं.

बाई ओरडल्याच. "अरे, हा तर आमच्याकडचा!" तरुणपणी त्यांनी हीच फिल्म वापरली होती. मला उलटापालटा करून बघितलं, वास घेतला, सगळ्या वर्गाला दाखवलं. असं कौतुक माझं आयुष्यात दुसऱ्यांदा झालं नाही. मग त्यांनी नामदेवला अंधाऱ्या खोलीत नेलं. त्याने वाव पसरून फिल्म मोजली. बाईंनी पट्टी लावून पाहिली. छत्तीसच्या छत्तीस.

पुढच्या शनिवारी यशपाल बरोबर आला, दुभाषा म्हणून. बाईंनी सांगितलं, तुमच्या वडिलांनी वर्गाला काम द्यावं, त्यांच्या पद्धतीने. नामदेवचा चेहरा मी पाहिला. स्टुडिओ बंद झाल्यापासून तो असा ताठ बसला नव्हता. रात्री जुन्या चिठ्ठ्या काढून, पुसट झालेल्या पुन्हा लिहिल्या. तोंडाने बोलत. अडुसष्ट वर्षांचा माणूस. हे आपले शेवटचे विद्यार्थी, हे त्याला माहीत होतं.

वर्गात आठ जण. एक परिचारिका, एक बेकरीतली बाई, चार कॉलेजची पोरं, ट्राम चालवून निवृत्त झालेला होर्स्ट, आणि कोपऱ्यात आजोबांबरोबर येऊ लागलेली धम्मदीपा. इथे शिकणारे बरेच म्हणून हिंगोलीची पद्धत थोडी बदलली. आठवड्याला एकच चिठ्ठी, सगळ्यांना तीच. होर्स्टने उचलली. नामदेवने वाचली, "ज्या दारातून तुला आत घेतलं नाही, त्या दाराचा फोटो."

यशपालने घसा साफ केला. "आल्झो," म्हणजे 'तर मग', तो जर्मनमध्ये म्हणाला, "एखाद्या सुंदर जुन्या दाराचा फोटो काढा."

मला दोन्ही भाषा येतात. त्या खोलीत दोन्ही भाषा येणारे तीन होतो. एक तो. दुसरी धम्मदीपा, तिने मान वर केली आणि परत खाली घातली. तिसरा मी, आणि मला तोंड नाही.

पुढच्या शनिवारी आठ दारं आली. कोरीव दारं, वेली चढलेली दारं, एकाला लाल फीत बांधलेली. नामदेव दोरीजवळून हळूहळू चालत गेला. "या माणसाला या दारातून आत घेतलं नाही?" त्याने होर्स्टच्या फोटोकडे बोट केलं. "हे तर चर्च आहे. देवाने हाकललं याला?"

यशपाल वर्गाला म्हणाला, "ते म्हणतात, उजेड छान पकडलाय."

होर्स्ट खूश झाला. नामदेवने त्याला हसताना पाहिलं आणि होर्स्ट त्याच्या मनातून तिथेच उतरला.

असंच चाललं. शेवटी जेवणाऱ्याच्या ताटाचं यशपालने 'आवडता पदार्थ' केलं. केकचे फोटो आले. "इथे शेवटी उरलेला माणूस केक खातो," नामदेव घरी येऊन म्हणाला. "सुखी देश आहे." टाकलेल्या माणसाच्या पाठीचं 'पाठमोरं माणूस' झालं. तळ्याकाठी बसलेल्या पोरांच्या पाठी आल्या. नामदेव दर शनिवारी थोडा जास्त कडू व्हायचा. ही माणसं पोकळ आहेत, यांच्या आयुष्यात काही घडलेलंच नाही, असं त्याचं मत झालं. त्यांना वाटायचं, म्हातारा कपाळाला आठ्या घालून कौतुक करतो, त्याच्या देशात तशी पद्धत असेल. दोन्ही बाजू एकमेकांना नमस्कार करून घरी जायच्या.

यशपाल वाईट नव्हता. त्याला सगळं मऊ करायची सवय होती. भाजीतलं तिखट, फोनवरचा आवाज, बापाचं बोलणं.

आणि भिंत.

ही गोष्ट मी फळीवरून पाहिली. त्याच्या कंपनीतले वरिष्ठ शरदचंद्र, त्यांची बायको वसुधा, ही मंडळी पुण्याची. महिन्या-दीड महिन्याने रविवारी कॉफीला यायची. ती यायच्या आधी अरुणा नामदेवला म्हणायची, "मामा, ऊन चांगलं पडलंय, नदीवर फिरून या ना." नात त्याला घेऊन जायची. ते खाली उतरले की यशपाल स्टूल घ्यायचा, तसबीर उतरवायचा आणि झोपायच्या खोलीत कपाटामागे ठेवायचा. बाप परत यायच्या आत ती जागेवर. नामदेव यायच्या आधीपासून हे चाललेलं होतं, हे त्यांच्या हातांच्या सफाईवरून मला कळलं. कोणी कोणाशी बोलायचं नाही. भिंतीवर खिळा उरायचा, आणि तसबिरीएवढी जास्त पांढरी जागा.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी वसुधाबाईंनी विचारलं, "देवघर कुठे गं ठेवलंयस?"

"आत आहे, बेडरूममध्ये," अरुणा म्हणाली. "छोटंसंच."

"आणि तुमचं मूळ गाव कुठलं म्हणालात? म्हणजे, मूळ?"

"हिंगोलीकडचे," यशपाल म्हणाला. "कॉफी अजून घ्या ना." शरदचंद्रांनी माझ्या झाकणावर भुईमुगाची टरफलं ठेवली. अॅशट्रे समजले असावेत.

त्या रविवारी धम्मदीपा फिरायला गेली नव्हती. खोकला झाला म्हणाली. नामदेवला रस्ता सरावाचा झाला होता, तो एकटाच गेला. पाहुणे यायच्या आधी, अरुणा कपबश्या मांडत असताना, पोरगी दारात वर्गातल्या बाईंनी दिलेला कॅमेरा घेऊन उभी राहिलेली मी पाहिली. एकदाच खटका वाजला. अरुणाला ऐकू गेला नाही.

कारण आदल्या शनिवारी चिठ्ठी निघाली होती: 'पाहुणे आले की घरातलं जे आत ठेवता, ते.'

नामदेवने ती वाचली तेव्हा यशपालने ती हातात घेऊन पुन्हा वाचली होती. फ्राऊ हेम्पेल वाट बघत होत्या. "आल्झो," तो शेवटी म्हणाला. "घरातली तुमची आवडती वस्तू."

पुढच्या शनिवारी फोटो दोरीला लागले. किटली. मांजर. आजीचं घड्याळ. बेकरीवाल्या बाईचं कापसाचं अस्वल.

"अस्वल?" नामदेव म्हणाला. "पाहुणे आले की अस्वल लपवता?" त्याचा आवाज चढला होता. "सांग त्यांना, यशपाल. सांग, की हिंगोलीत फरशी पुसणाऱ्या पोरांनी यापेक्षा खरं काम केलं. या लोकांना घर आहे पण घरात काही नाही."

"ते म्हणतात," यशपाल वर्गाला म्हणाला, "तुमच्या वस्तूंत फार माया दिसते."

बेकरीवाल्या बाईने छातीवर हात ठेवून मान लववली.

मग नामदेव शेवटच्या फोटोशी आला. अजून ओला होता. पांढरी भिंत. मधोमध खिळा. त्याखाली चौकोन, भिंतीहून पांढरा. खाली फळी, फळीवर मी. आणि कडेला अरुणाचे हात, चांगल्या कपबश्या मांडणारे.

तो थांबला. मी त्याच्या हातात होतो. त्याची बोटं माझ्या पत्र्यात रुतली.

"तसबीर कुठे आहे?"

यशपाल दोरीवरचे चिमटे नीट करू लागला.

"काय विचारतायत?" फ्राऊ हेम्पेलनी विचारलं.

"एक्स्पोजरबद्दल," यशपाल म्हणाला.

तेव्हा कोपऱ्यातून आवाज आला. मराठी. आम्ही तो आवाज मराठीत कधी ऐकलाच नव्हता. अडखळत, लहान मुलासारखा.

"आजोबा, पाहुणे येतात तेव्हा ती कपाटाच्या मागे ठेवतात. नेहमी. आणि बाबा इथे तुमचं सांगत नाहीत. तुम्ही वेगळं बोलता, ते वेगळं बोलतात. पहिल्यापासून. तुम्ही म्हणालात ते दार, ज्याने आत नाही घेतलं. बाबा बोलले, सुंदर दार."

"धम्मदीपा, गप्प बस," यशपाल म्हणाला.

ती गप्प बसली नाही. वर्गाकडे वळली आणि आठवडा आठवडा घेऊन, खरी चिठ्ठी काय होती ते जर्मनमध्ये सांगितलं. तिला सगळ्या पाठ होत्या.

बेकरीवाल्या बाईने आपलं अस्वल दोरीवरून काढलं आणि पालथं धरलं. होर्स्ट खाली बसला. मोठा, लाल चेहऱ्याचा माणूस. म्हणाला, "तसं दार होतं माझ्याकडे." मग म्हणाला, "चौऱ्याऐंशी साली माझ्या भावाने माझ्या तोंडावर लावलं होतं. अजून आहे तिथेच. मी रोज ट्राम घेऊन त्यावरून गेलो. मला सांगितलं असतं तर त्याचा फोटो काढला असता मी."

धम्मदीपाने ते आजोबाला मराठीत सांगितलं. 'भावाने दार लावलं' एवढंच तिला नीट सांगता आलं, पण नामदेवला समजलं. त्याने होर्स्टकडे पाहिलं. अडीच महिने ज्याला पोकळ म्हटलं, त्याच्याकडे. मग नजर काढून घेतली. त्याला इतकं खाली बघताना मी तीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

नातीच्या फोटोबद्दल तो काय बोलेल म्हणून ती उभी होती.

"खिळ्यावर फोकस बरोबर आहे," तो म्हणाला. "आईचे हात थोडे अजून घ्यायला हवे होतेस."

घरात आल्यावर यशपाल बापाशी बोलला, बूट न काढता.

"दादा, इथे लोकांना असं विचारत नाहीत. तुझी लाज दाखव, तुझं भांडण दाखव. दुसऱ्या आठवड्याला वर्ग रिकामा झाला असता. मी तुमची इज्जत सांभाळत होतो."

"माझी?"

"हो, तुमची! आणि तसबिरीचं म्हणाल तर... तुमचा स्टुडिओ होता. शटर आतून लावलं की तुमचं राज्य. मला रोज त्या माणसाशेजारी बसायचंय. एकदा कळलं की काही बोलणार नाहीत ते. फक्त कॉफीला यायचं थांबेल. मग मीटिंगचं बोलावणं उशिरा येईल. दादा, मी दमलोय. मला फक्त काम करू द्या."

अरुणा रडत होती. "मामा, स्टूल मीच आणून देते. मलाही बोला."

नामदेवने तिला काही म्हटलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाला, "तसबीर काढलीस. खिळा का नाही काढलास?"

यशपाल बूट काढायला वाकला.

"म्हणजे तिची जागा तिथेच आहे, हे तुला माहीत होतं," नामदेव म्हणाला, आणि आपल्या खोलीत गेला.

दोन शनिवार उरले होते. फ्राऊ हेम्पेल घरी आल्या. म्हणाल्या, वर्गाला सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा करायच्या आहेत, खऱ्या. पुढच्या वर्षी त्या स्वतः आमंत्रणाचं पत्र देतील. धम्मदीपा मधे उभी राहून मराठीत सांगत होती. घामाघूम झाली होती, शब्द शोधत होती. शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं: "मी सांगेन आजोबा, बरोबर सांगेन. तुम्ही बोला तसंच."

"नको," नामदेव म्हणाला. "इतके दिवस मी मूर्ख ठरलो, तेवढं पुरे."

हा त्याचा दोष. मी पत्रा आहे, खरं तेच बोलतो. मुलाने बापाचे शब्द मऊ केले. बापाने नातीचे शब्द घेतलेच नाहीत. ती पोरगी त्या दिवसापासून पुन्हा जर्मन बोलू लागली. कॅमेरा बाईंना परत देऊन आली. होर्स्टचं दार राहिलं ते राहिलंच.

जायच्या दिवशी नामदेवने तसबीर उतरवली, लुंगीत गुंडाळली आणि पिशवीत घातली. मग टेबलाशी बसून एक चिठ्ठी लिहिली. तोंडाने बोलत, म्हणून मला ठाऊक आहे. बाकीच्या सगळ्या काढून खिशात घातल्या आणि ती एकटी माझ्यात टाकली. मला फळीवर ठेवलं.

"यशपाल, डब्यात तुझी एक चिठ्ठी आहे. सवडीने काढ."

"हो दादा," यशपाल म्हणाला. गाडीच्या किल्ल्या शोधत होता.

चार आठवड्यांनी कॉफीला पाहुणे यायचे होते. अरुणाने फळी आवरली. खिळ्यावर नदीचं चित्र लागलं आणि मी खाली केलरमध्ये आलो. केलर म्हणजे इथल्या इमारतींचं तळघर. फळ्या ठोकून ज्याचा त्याचा कोपरा पाडलेला असतो. यशपालने स्क्रूची बरणी, जुन्या वायरी आणि मला एका खोक्यात ठेवलं. माझ्यात काय आहे ते पाहिलं नाही.

दोन हजार सतराच्या डिसेंबरात नामदेव हिंगोलीत वारला. ही बातमी मला जिन्यातल्या रडण्यावरून कळली. यशपाल जाऊन आला. पुढच्या काही दिवसांत वायरी न्यायला खाली यायचा तेव्हा फोनवर बोलायचा, त्यातून बाकीचं कळलं. भिंतीवर लावायला बापाचा फोटो हवा होता. फोटो नव्हता. सगळ्या गावाचे फोटो काढले त्या माणसाने, त्याचा कोणी काढला नाही. मोबाइलमध्ये होता तो, पण पाठमोरा, किंवा कडेला अर्धा. कॅमेरा दिसला की तो मान फिरवायचा नाहीतर कॅमेरा स्वतःच्या हातात घ्यायचा. यशपालने मीनललासुद्धा फोन लावला. ती म्हणाली, "दादांनी कधी काढूच दिला नाही. तुमच्याकडे असेल असं वाटलं होतं. तुम्ही मुलगा."

शेवटी व्हिसाचा फोटो सापडला. कान दिसले पाहिजेत, हसायचं नाही, तो. तोच मोठा करून घेतला. चौकीवर बसवून नाव-गाव विचारतात, तसा चेहरा.

त्या जाड फ्रेमला जुना खिळा पुरेना. म्हणून यशपाल स्क्रू शोधायला खाली आला. बरणी धुंडाळली, हवा तसा मिळाला नाही. मग मला उचललं. हलवून पाहिलं. आवाज आला नाही. झाकण उघडलं.

तीन वर्षांत पहिल्यांदा माझ्या पोटात उजेड आला. त्याने चिठ्ठी उचलली, बल्बखाली धरली. त्याचेही ओठ हलले. इतका शिकलेला माणूस, पण वाचला बापासारखा, एकेक शब्द तोंडाने.

'बापाचा फोटो काढ. समोरून. मऊ करू नकोस.'

वर फ्रेम थांबली होती. जिन्यावरून अरुणाने हाक मारली, "अहो, मिळाला का स्क्रू?"

त्याने चिठ्ठीची होती तशी घडी घातली आणि परत माझ्यात ठेवली. जिन्याकडे बघतच झाकण दाबलं. ते तिरकं लागलं. नियम त्याला लहानपणापासून माहीत होता.

त्याला आता वर्ष झालं. धम्मदीपा कोलोनला शिकायला गेली. काय शिकते ते कळलं नाही. फोटोग्राफी नाही, एवढं जिन्यात ऐकलं. जायच्या आधी सायकल न्यायला खाली आली होती. माझ्याकडे पाहिलं. हात लावला नाही.

मी गंजतोय. फटीतून ओल येते, कागद भिजतोय, शाई धरणार नाही. कोणी या खोक्यात हात घातलात तर माझं झाकण उघडा. चिठ्ठी निघेल. बाप असेल तर आधी कॅमेरा घ्या, मग पुढचं काम. आणि वाचलीत तर परत टाकू नका.